चिचगडला पुसलेली रेघ

शुक्रवार, संध्याकाळ

आठवडाभर डायरी लिहायचं टाळलं. आळसच, दुसरं काय! नकाशाच्या एका फुकट ॲपच्या तक्रारी मी हौसेनं तपासतो. एकीनं लिहिलं होतं, नेटवर्क गेलं की चाललेल्या वाटेची निळी रेघ पुसली जाते. 'आमच्याकडे असं होत नाही,' म्हणत बाकीचे तपासणारे तक्रार बंद करायला निघाले. मी म्हटलं, थांबा. गाडी काढली. आई ओरडली, "कायले भटकून राहिला रे उन्हात?" चिचगडच्या जंगलात शिरलो, मध्येच तेंदूच्या झाडाखाली पिकली टेंभरं खात बसलो, ते जाऊ दे. नेटवर्क गेलं आणि रेघ गायब! बिघाड सापडल्याचा एवढा आनंद होतो का कोणाला? घरी येऊन सगळं तक्रारीखाली लिहून टाकलं. तक्रार उघडी राहिली, माझ्यामुळे.

आत्ता फोन वाजला. कधीच कोणाशी न बोलणारा ॲपचा मूळ कर्ता स्वतः त्या तक्रारीखाली लिहायला आलाय. विचारतो, "चिचगडला आणखी काय काय बिघडतं?"