अर्धी गोळी

कोडोली, ४ मार्च १९८४

प्रिय शालन,

कार्ड न घालता मुद्दाम हे निळं इनलँड घेतलं. आपला पोस्टमन कार्ड आधी स्वतः वाचतो आणि मग गावाला सांगतो. मला सांगायचंय ते तुझ्यापुरतं आहे. तीन इयत्तांचं माझं लिहिणं, चुका काढत बसू नकोस. मिरजेत तुमच्या नर्सिंगच्या बाई आहेत त्याला.

आधी गावची बातमी. सरकारी दवाखान्यातली मेहमुदा सिस्टर महिनाभर घरोघर हिंडली. प्रेशर, साखर असलेल्यांनी महिन्याच्या महिन्याला दाखवून जा, गोळ्या इथंच मिळतील, कोल्हापूर गाठायला नको, असं सांगून बिचारीचा घसा बसला. बाया म्हणायच्या, दुखत न्हाय, खुपत न्हाय, मग वैरण टाकून दवाखान्यात काय बसायचं? मी तिला म्हटलं, पोरी, तुझ्याकडं येत न्हाईत त्या रोज सकाळी कुठं जात्यात ते बघ की. सगळ्या किटल्या घेऊन डेअरीच्या रांगेत! यावर सेक्रेटरी गणपतराव तापले. मावशी, ही दुधाची डेअरी हाय, दवाखाना न्हाय. मी म्हटलं, म्हशीचं फॅट दोन टायमाला बघतासा, मग तिला वैरण घालणारीला कोण बघणार? रांग हसली. गणपतरावांनी चार कॅन बाजूला सरकवले आणि टेबल मांडलं. आता दर मंगळवारी आधी दूध, मग प्रेशर बघायला दंड पुढं. प्रत्येकीचं आपलं कार्ड. एखादी चुकली की दुसऱ्या दिवशी रांगेतच सिस्टर तिला गाठते. दूध घालायचं कोण चुकवणार?

आता माझं. पहिल्याच मंगळवारी माझा वरचा आकडा दोनशे निघाला आणि मागनं शेजारच्या बायडाबाईचाबी तेवढाच. सिस्टरनं विचारलं, आजी, गोळ्या रोज घेतासा न्हवं? मी म्हटलं, व्हय. तर ही बायडाबाई, तोंडात तीळ भिजत नाही मेलीच्या, भर रांगेत म्हणते कशी, घेती की, मलाबी रोज निम्मी देती!

शालन, ते खरं आहे. दीड वर्षं. तिलाही घेरी यायची, पण तिला कोल्हापूरला न्यायला कुणाला सवड नव्हती. माझ्यासाठी तू रजा काढून दिवसभर मोठ्या दवाखान्याच्या रांगेत उभी राहायचीस आणि महिन्याच्या गोळ्या आणायचीस. विरजण शेजारणीला दिलं म्हणून घरचं दही काही पातळ होत नाही. गोळीचंही तसंच असेल असं मला वाटलं. विळीवर निम्मी करायची, एक फोड भिंतीवरनं पलीकडं. तू सुट्टीत येऊन रिकामी पाकिटं बघायचीस आणि खूश व्हायचीस. मीही तुला खूश होऊ दिलं.

सिस्टर सगळ्यांदेखत म्हणाली, आजी, एका औषधात दोन म्हाताऱ्या बऱ्या हुत न्हाईत, दोघीबी आजारी राहत्यात. तिनं बायडाबाईचं कार्ड तिथंच केलं. आता ती तिची गोळी खाते, मी माझी, आणि भिंतीवरनं फक्त विरजण जातं. गेल्या मंगळवारी माझा आकडा एकशे पन्नास आला. बायडाबाईचा एकशे साठ. हरली.

हे सगळं आज लिहायचं कारण तुझं पत्र. तुझ्या बापानं ते वाचून दाखवलं आणि मग डोळे पुसत गोठ्यात गेला. दिवाळीत माझ्या उजव्या हातातनं भाकरी गळून पडली, जीभ जड झाली, तेव्हा तू समोर होतीस. तेव्हापासून तू मनात धरून बसलीस की नर्स होणाऱ्या पोरीला घरची म्हातारी सांभाळता आली नाही, आणि आता शेवटचं वर्ष टाकून घरी येतेस म्हणे. तो हात तुझ्या हयगयीनं पडला नाही, माझ्या निम्म्या गोळीच्या शहाणपणानं पडला. ट्रंक भरली असशील तर रिकामी कर आणि परीक्षेला बस. मला सांभाळायला डेअरीची अख्खी रांग आहे. आणि हे पत्र मी त्याच उजव्या हातानं लिहिलंय. अक्षर वाकडं आहे, पण ते आधीपासनंच तसं होतं.

तुझीच,
खोटारडी आजी