दत्ताचा करडा स्वेटर

६ जानेवारी
पक्कं झालं. संग्रहालयाच्या विनितानेच फोनवर सांगितलं — दत्ताच्या अंटार्क्टिकाच्या सगळ्या वस्तू घेणार, वेगळं कपाट करणार! "काकू, शुक्रवारी गाडी पाठवते. आणि ध्यान ठेवा हां, धुवायचं काहीच नाही. मळ पण पाहिजे आम्हाला."
दत्ता जाऊन दोन हिवाळे झाले. आधी लाजला असता, मग रोज बघायला गेला असता.

८ जानेवारी
एक वस्तू देणार नाही. करडा स्वेटर. दोन्ही मोहिमांत अंगावर, नंतर भोपाळच्या प्रत्येक थंडीत. कधी धुवू दिला नाही — "ऊब वाहून जाते, नलू!" रॉकेल, घाम, खोबरेल यांचा वास. गळ्याशी अजून तोच आहे.
आज पेपरच्या कचेरीतून बातमी पाठवून घरी आले आणि कपाट उघडून उभीच राहिले. शेवटी स्वयंपाकघरातून मंदाकिनीवन्सं — "नलिनी, चहाचं सरबत झालं!"

९ जानेवारी
स्वेटर दोरीवर. ओला. रिठ्याचा वास!
वन्संनी सगळंच धुतलं. मोजे, टोपी, हातमोजे. "स्वेटर तेवढा तुझ्या कपाटात राहिला होता बघ. चारचौघं बघणार — माझा भाऊ काय पारोसा होता?"
विनिताचं सांगणं मी त्यांच्या कानावर घातलं होतं. "मळ कशाला मागेल कुणी? थट्टा केली तिनं."
त्यांना वाढलं. मला जेववेना.

१० जानेवारी
गाडी येऊन गेली. स्वेटरही दिला. आता काय ठेवायचं त्यात!
वन्सं फाटकापर्यंत गेल्या, गाडी वळेपर्यंत थांबल्या. मी दारातच.

११ जानेवारी
विनिताचा फोन. कीड मरावी म्हणून तिथे कपडे फ्रीजरमध्ये ठेवतात, त्याआधी तपासतात. "काकू, काकांच्या स्लीपिंग बॅगमध्ये पांढरे लांब केस निघाले. गुडघ्याला चोळायच्या तेलाचा वास पण आहे, एकदम ताजा. कोणी झोपत होतं का यात?"
बॅग वन्संच्या खोलीत असायची. गाडीत त्यांनीच नेऊन ठेवली. सगळं धुतलं, ती मात्र नाही.
"फ्रीजरमध्ये घालू नकोस," म्हटलं. सोमवारी बॅग परत आणायला जाते. वन्संना सोबत घेऊन.