मामाच्या हातची काडतुसं

टिन कप शिखर,
१६ जून १९८१

ती. ऑर्व्हिलमामांस,

डेल्फाचा सा. न., तोही डाव्या हाताने. उजवं मनगट तुमच्या काडतुसांनी कामातून घालवलंय.

वणव्यावर नजर ठेवायला या मनोऱ्यावर येऊन मला बारा दिवस झाले. धूर एकदाही दिसला नाही, पण अस्वल आहे. परवा त्याने खेचरांच्या दाण्याची कोठी उघडली. झाकण काढायच्या भानगडीत पडलं नाही, भिंतच काढली. म्हणून तुम्ही दिलेलं मॅग्नम रिव्हॉल्व्हर घेऊन रोज सराव करते. दहा पावलांवर परातीएवढा पत्रा टांगलाय. सहांतली एक लागते, कारण चाप ओढायच्या आधीच माझे डोळे मिटतात. सामान घेऊन येणारा खेचरवाला हॉइट ते बघून म्हणाला, की तुझ्या मामाने भाचीवर नेमका कसला सूड उगवलाय?

तेव्हा जरा मवाळ भरून द्याल का? अस्वल नुसतं घाबरून चालणार नाही, हे कळतं मला. पण आत्ता त्याच्यापेक्षा मीच जास्त घाबरते. आईने पत्रातून विचारलंय, गुडघ्याला मलम लावता की नुसतं हुंगता?

लोभ आहेच, तो धक्का न देता वाढवावा.

तुमची,
डेल्फा


लिबी, माँटाना,
२५ जून

चि. डेल्फास,

अनेक आशीर्वाद आणि एक चापट. डोळे मिटून चाप ओढायला मी शिकवलं नव्हतं.

मवाळ भरलीत. उद्या हॉइट निघेल, त्याच्याबरोबर पन्नास येतील. गोळी मात्र तीच ठेवली. दुकानातली पोकळ नाकाची गोळी चरबीतच फुलते आणि तिथेच मुक्काम करते. कोल्ह्याला ठीक, अस्वलाला ती गुदगुली. त्याला जड, टणक शिशाची, सपाट नाकाची, आत शिरून हाडापर्यंत जाणारी लागते. ती मी स्वतः ओततो. बंदुकीच्या दारूच्या जाती दोन. एक वाळक्या गवतासारखी भप्पकन जळणारी, दुसरी ओंडक्यासारखी सावकाश. जड गोळीला नळीच्या टोकापर्यंत ढकलत नेतो तो ओंडका. तीस वर्षं माझ्या फळीवर तोच डबा आहे. तुझ्यासाठी दारूही तीच, फक्त माप तिसऱ्या हिश्श्याने कमी केलं. झालं मवाळ.

शेजारचा वेंडेल रकमन माझ्या तराजूशी उभा राहून कुरकुरत होता, की ऑर्व्हिल, मवाळ हवी तर झटपट जळणारीचा डबा आण, ही दारू अशी कापू नकोस, पुस्तकात तसं छापलंय. मी त्याला विचारलं, की मी विहिरी खणायचं पहिलं यंत्र भंगारातून उभं केलं, तेव्हा कुठलं पुस्तक होतं? हा वेंडेल मिठाच्या पुड्यावरच्या सूचनासुद्धा वाचतो.

गुडघा बरा आहे. मलम लावतो, असं आईला सांग.

तुझा,
ऑर्व्हिलमामा


लिबी,
२९ जून, सकाळ

चि. डेल्फास आशीर्वाद.

गमती नंतर. ती पन्नास काडतुसं झाडू नकोस. एखादं झाडलं असशील तर दुसरं झाडू नकोस. चक्र रिकामं कर आणि नळीतून उजेड दिसतो का बघ.

त्याच खेपेतली दहा मी मागे ठेवली होती. आज शेडमागे ती झाडायला घेतली. दोन नीट गेली. तिसऱ्याने नुसतं फुस्स केलं आणि न जळलेल्या दारूचे दाणे माझ्या बुटांवर सांडले. जन्मभर यंत्रांचे आवाज ऐकत आलोय, म्हणून हात थांबला. गोळी नळीच्या मध्यावर अडकून बसली होती. चूल गच्च भरली तर ओंडका पेटतो, अर्धी ठेवली तर नुसता धुमसतो. पुढची गोळी मागून आदळली असती तर नळी फाटली असती. माझ्यापाशी निदान जुने हात होते, तुझ्यापाशी पुढची चाळीस वर्षं वापरायचे आहेत.

तुला धक्का कमी बसावा म्हणून मी माप कमी केलं, हे खरं. दुसरा डबा आणला असता तर वेंडेल बरोबर ठरला असता, हेही तितकंच खरं.

रेंजरच्या ठाण्यावर फोन केलाय. तिथली मार्लिस म्हणाली, की दुपारच्या हजेरीला रेडिओवर निरोप सांगते. हॉइट काल पोचला असणार. मी फोनजवळ बसून हे लिहितोय. आणखी काही सुचत नाही.

ऑर्व्हिलमामा


टिन कप शिखर,
३० जून

ती. मामांस,

दहा बोटांनी सा. न. मोजून घ्या.

निरोप मिळाला. डबा परवा संध्याकाळी आला आणि काल सकाळी पत्र्यासमोर मी पहिलं काडतूस झाडलं. धक्का जवळजवळ नाहीच. मला वाटलं, मामांनी जादू केली. पत्र्याला काही लागलं नव्हतं, पण ते माझं नेहमीचंच. दुसऱ्यासाठी रिव्हॉल्व्हरचा घोडा मागे ओढला आणि तेवढ्यात पलीकडच्या कड्यावर वीज पडली. वीज आली की आम्ही सगळं लोखंड खाली ठेवून काचेच्या पायांच्या स्टुलावर बसायचं असतं. घोडा सावकाश खाली घेतला आणि दीड तास कोंबडीसारखी बसून राहिले. ढग सरले, हजेरी सुरू झाली आणि मार्लिसचा आवाज आला. नळीत पाहिलं तर काळोख.

चक्र रिकामं केलं आणि रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं. मग मार्लिसचाच राग आला. निरोप द्यायचा तर माझ्यापुरता द्यावा! तिने अकरा मनोऱ्यांना ऐकवलं, की लिबीच्या ऑर्व्हिल स्टँबॉ यांनी भरलेली मवाळ काडतुसं सदोष आहेत, कुणीही झाडू नयेत. एल्बो शिखरावरच्या क्लेमंटने लगेच विचारलं, की तुझा मामा काडतुसं भरतो की चार जुलैच्या स्वातंत्र्यदिनाचे फटाके? सगळे मनोरे हसले. मी मार्लिसला चांगलंच झापलं, की माणसाने आयुष्यभर कमावलेलं नाव असं चव्हाट्यावर मांडायचं नसतं. ती पुढच्या मनोऱ्याची हजेरी घ्यायला लागली.

रिव्हॉल्व्हर आणि उरलेली एकोणपन्नास हॉइटबरोबर पाठवतेय. अस्वल आलं तर तवा बडवीन. मामा, एक स्पष्ट लिहिते, रागावू नका. यापुढे तुम्ही एकट्याने भरलेलं काडतूस मी झाडणार नाही. सप्टेंबरात खाली आले की आपण दोघं भरू. पुस्तक मी वाचीन.

लोभ होता तेवढाच आहे.

डेल्फा


लिबी,
७ जुलै

चि. डेल्फास,

आशीर्वाद, आणि तुझी अट मान्य.

लाकडी दांडा घालून गोळी ठोकून काढली. बंदुकीच्या कारागिराने नळी मापून पाहिली, कुठे फुगलेली नाही. रिव्हॉल्व्हर परत पाठवतोय, सोबत दुकानातलीच, त्याच चक्रात बसणारी आखूड मवाळ काडतुसं. झटपट दारूचा डबा आणला. वेंडेल दारातून बघून गेला, एक अक्षर बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

आता मार्लिसची माफी माग. नाव गाळू का, असं तिने मला दोनदा विचारलं होतं. मीच म्हटलं, की बाई, नाव गाव सगळं सांग आणि हळू सांग. तुझ्या एकटीसाठी असतं तर गाळलं असतं. पण मे महिन्यात तशीच वीस मी क्लेमंटच्या बायकोला भरून दिली होती. त्यांच्या घरी फोन नाही, आणि उन्हाळाभर तीही क्लेमंटच्याच मनोऱ्यावर राहते. फटाक्यांचा विनोद करून झाल्यावर दहा मिनिटांनी क्लेमंटनेच ठाण्याला विचारलं, की ही काडतुसं कोणत्या महिन्यातली?

क्लेमंटची बायको शनिवारी स्वतः खाली आली. माझ्या टेबलावर डबा ठेवला. मी मोजली, एकोणीस. विसावं शोधायला डबा उलटा केला. तिनेच सांगितलं, की ते झाडलं, आणि ते नीट गेलं. मग तिने कॉफी मागितली. मी दोन कप केली आणि दोन्ही तिच्याच पुढे ठेवले.

तुझा,
ऑर्व्हिलमामा