अमेरिकन सायकल आणि माझा शब्द

दुबई, शुक्र. १६ ऑक्टो. ९२
घरी फोन. अण्णांचा गुडघा? कुरकुरतोय. वहिनींची साखर? आटोक्यात. ताईचा खोकला? गेला एकदाचा. इथे आमची सौ. नलू ठणठणीत, मीही. आजारी एकच, आम्ही जिच्या सायकली विकतो ती अमेरिकन कंपनी. दुकानाचे शेठ म्हणाले, दिवाळं वाजलं. एवढी शंभरीला टेकलेली, तिकडची अर्धी पोरं तिच्यावरून पडून शिकलेली. घास गिळवेना.

सोम. १९ ऑक्टो.
अल क्वोजच्या गोदामात जुन्या मालाची जोडणी. पोलादी सांगाडा, हत्ती बसला तरी हूं की चूं नाही. पुढच्या पितळी बिल्ल्याला चिंच लावून घासलं. नलू डबा घेऊन आलेली. "घरचे देव काळे पडलेत, इकडे बिल्ले उजळा." बोलेना का. आख्ख्या दुबईत ही सायकल माझ्या हातून जाते.

गुरु. १० मार्च ९४
कंपनी दुसऱ्यांनी घेतली. माल सुरू, पण तैवानचा. स्वतः फिरवल्याशिवाय देत नाही, तशी फिरवली. हलकी, चालीला चोख. गिऱ्हाइकाला सांगितलं, नाव अमेरिकेचं, बनावट तैवानची. हसत घेऊन गेला. जेवण गोड लागलं.

गुरु. १८ ऑक्टो. २००१
पुन्हा दिवाळं. नाव आता तिसऱ्याकडे. नवी खोकी उघडली. बिल्ला नाही, स्टिकर. फिरवली तर हँडल डुगडुगतं, ब्रेक उशिरा धरतो.
शेठ : "काका, बस इतना बोलो, वही पुरानी अमेरिकन है. लोग आपकी बात मानते हैं."
"मानतात म्हणूनच नाही बोलणार, शेठ."
"तो शोरूम में मत बैठो. खलास."
नलूला सांगितलं. म्हणाली, "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. गोदामात बसा, डबा तिकडे आणीन."

शुक्र. २६ ऑक्टो., दसरा
गोदामात हत्यारांची पूजा. नव्या सायकलीलाही हार घातला, यंत्राचा काय दोष. शेठ नेहमीसारखे आले, प्रसाद घेतला. मी म्हटलं, कंपनीच्या नव्या मालकांना लिहू या. मी सांगितलं, त्यांनी इंग्रजीत टाइप केलं, मधेच हसले, पण एक शब्द गाळला नाही :
"या नावावर आम्ही इथे इभ्रत कमावली. हँडल आणि ब्रेक सुधारा, छातीठोक विकीन. नाही सुधारलात तर माझ्या तोंडून हे नाव निघणार नाही. खोकी बांधून ठेवली आहेत. उत्तर लवकर धाडा."
शेठ म्हणाले, "जवाब तक बेचना रोकता हूँ. इन्शाल्ला."