सिमेंटच्या वाटेवरची भाकर

उधना,
३ एप्रिल १९७४

प्रिय हिलाल,

परवा निंबा गावाहून आला आणि तुझी चिठ्ठी अन् कापडात बांधलेली साडी माझ्या खोलीवर ठेवून गेला. शकूला धुडकूच्या घरून आलेली साखरपुड्याची ती साडी मी नेऊन त्याच्या दारात टाकावी आणि सांगावं, की चुगलखोराच्या घरी हिलाल पोरगी देत नाही, असं तू लिहिलंस. हे काम तूच कर, उधन्यात तुझ्याशिवाय मला कुणाचा भरवसा नाही, हेही लिहिलंस. ते वाक्य मी चारदा वाचलं. लग्न वैशाखावर आलं, शकू मनातून तयार, धुडकूचा छगन सुपारीच्या खांडाचंही व्यसन नसलेला मुलगा, आणि तू एका संशयावर सगळं मोडायला बसलास. साडी अजून माझ्याकडेच आहे. आधी माझं थोडं ऐक, मग काय ते ठरव.

माझं चाललंय तेच. कारखान्यात मागामध्ये माझी दोन बोटं गेली तेव्हा चार माणसं घेऊन शेठच्या पायरीवर तू जाऊन बसला होतास, म्हणून मला बंगल्यावर हे काम मिळालं. लोक हसतात, चिंध्या शेठच्या कुत्र्याचा नोकर झाला म्हणून. हसू देत. पण जॅकीला फिरवणं वाटतं तेवढं सोपं नाही. बंगल्यामागून खाडीपर्यंत जी नवी सिमेंटची वाट केलीय, तिच्यावरून सकाळ-संध्याकाळ न्यायचं. पट्ट्याचा एक वेढा मनगटाला, कुत्रा डाव्या अंगाला भिंतीकडून, सायकलींच्या बाजूला आपण. उन्हाळ्यात आधी पालथा हात सिमेंटवर टेकवायचा, आपल्याला सोसलं तरच त्याचा पंजा खाली टाकू द्यायचा. पाळी सुटायचा भोंगा व्हायच्या आत परत फिरायचं, कारण आपली सगळी माणसं त्याच वाटेनं घरी जातात आणि त्या कुत्र्यावर कुणाचं प्रेम आहे ते तुला ठाऊकच आहे. पाच वर्षं हे काम करून मला एक खोडच लागलीय. समोरून येणाऱ्याचे आधी हात बघतो. दूधवाला बरणी का ठेवतोय, गुरखा वाकून काय टाकतोय, सगळ्यांवर नजर. तोंडावर रामराम, मनात शंका.

तुझ्यावरही होती. राग येऊ देऊ नकोस. पौषात त्यानं तुझा पायजमा फाडला, पोटरीला दात लागले, आणि शेठनं सुईचे पैसे देणं तर सोडच, कुत्रंच ते म्हणून हसण्यावारी नेलं. त्या दिवशी खाडीजवळ उभा राहून तू माझ्यासमोर म्हणालास, याले मी एक दिन पाही लेसू. बघून घेईन म्हणून आपण रागात काय काय बोलतो. मी तेव्हा हसलो, पण ते शब्द माझ्या डोक्यात जाऊन बसले.

त्यानंतर आठ दिवसांत त्या वाटेवरच्या मोरीपाशी भाकर दिसायला लागली. कडेला, कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर, दगडावर नीट ठेवलेली. पहिल्या दिवशी पायानं गटारात ढकलली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मी ती उचलून वास घेतला. कळण्याची भाकर होती, हिलाल. वर लसूण-मिरचीचा ठेचा पुसलेला. इथला कुठला माणूस ज्वारीत उडीद दळतो? गुरखा दळतो, की दूधवाला? हे आपल्याच कुणाच्या घरचं होतं. आणि कड जाड, मधे अंगठा दाबल्यासारखा खळगा, ही भाकर तर मी दहा वर्षं तुझ्या घरी बसून खाल्लीय. सरलावहिनींचा हात मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? शेठला दाखवलं असतं तर त्याला ते नुसतं शिळं अन्न दिसलं असतं. मला त्यात तुझी पोटरी दिसली.

तुला येऊन विचारायला हवं होतं. तुझी खोली त्या मोरीपासून दोनशे पावलांवर. पण संशय असा असतो, की विचारायला गेलो तर समोरचा सावध होईल असं वाटतं. मी गप्प राहून पाळत ठेवली. चौथ्या दिवशी एक सायकल अंगावर आली, मी तिच्याकडे बघितलं तेवढ्यात जॅकीनं मान खाली घातली आणि अर्धी भाकर गिळली. दुपारी त्यानं ओकाऱ्या काढल्या, संध्याकाळी पाय ताणून पडला. शेठाणी रडायला लागली. शेठ ओट्यावर आला आणि त्यानं विचारलं, कोणावर वहेम आहे? त्याच वेळी धुडकू फाटकातून आत आला होता, बहिणीकडच्या कार्यासाठी दोन दिवसांची सुटी मागायला. तो सुटी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी जॅकी उठला, दूध प्याला, शेपूट हलवली. तिसऱ्या दिवशी तुला गेटबंद करून कामावरून काढलं, कुत्र्याला विष घातलं म्हणून. तुझे मागाचे सांचे धुडकूला दिले.

तू सामान बांधताना मी तुझ्या खोलीत होतो. कुणी नाव घेतलं असेल रे, असं तू विचारलंस. मी म्हणालो, धुडकू त्या संध्याकाळी बंगल्यावर आला होता खरा. हे खोटं नव्हतं. पण ते मी कशासाठी सांगितलं, ते मला माहीत होतं. तिथून तुझ्या मनात तो काटा रुतला, आणि आज शकूच्या लग्नापर्यंत गेला.

तुम्ही गावी गेल्यावर चौथ्याच दिवशी मोरीपाशी पुन्हा भाकर. जॅकीला बंगल्यावर बांधून मी परत गेलो आणि लांब उभा राहिलो. थोड्या वेळानं मोरीच्या पाइपातून एक वाळकी, पोट खपाटीला गेलेली कुत्री बाहेर आली, ती भाकर तोंडात धरून आत गेली, आणि आतून पिलांचं कुईं कुईं ऐकू आलं. चाळीतल्या म्हाताऱ्या चंद्रभागाबाई बाजूलाच रिकामी थाळी घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, सरला जाताना सांगून गेली, बाळंतीण आहे बिचारी, शिरा नाही तर निदान भाकर तरी घालत जा. व्यालेल्या कुत्रीला खायला घालायचं हे आपल्याकडे लहान पोरालाही कळतं. मी पन्नाशी ओलांडलेला खान्देशी माणूस, मला भाकरीचा वास कळला आणि एवढं कळलं नाही. जॅकीला बिस्किटं आणि दुधाची सवय, त्यात लसूण-मिरचीचा ठेचा पोटात गेला. ओकणार नाही तर काय करणार.

हे मला जानेवारीतच कळलं, आणि आज एप्रिल आहे. तीन महिने मी रोज त्या वाटेनं गेलो, आणि रोज उद्यावर ढकललं. शेठला सांगितलं तर माझं काम जाईल, तुला सांगितलं तर तू कायमचा तुटशील. काम टिकवलं आणि तोंड लपवलं. मला माझीच किळस येते.

धुडकूनं तुझं नाव घेतलं नाही. शेठनं विचारल्याबरोबर मी घेतलं. आज सकाळी शेठलाही खरं सांगितलं, त्यानं पट्टा माझ्या हातातून काढून घेतला आणि तुझ्याबद्दल अजून काहीच बोलला नाही. काल मी धुडकूकडे गेलो होतो, साडी न नेता, हेच सांगायला. तो शिवी देईल, मारेल असं वाटलं होतं. त्यानं मला पाणी दिलं. मी म्हणालो, तूच हिलालला कळव, माझ्यानं लिहवत नाही. तो म्हणाला, शेठजवळ त्याचं नाव तू घेतलंस असं मी कळवलं तर हिलाल मला आणखी खोटारडा म्हणेल, जगात कुणी सांगितलं तरी तुझ्याबद्दल तो हे मानायचा नाही, तुझ्याच हातचं अक्षर दिसलं तरच मानेल. म्हणून लिहिलं. आता मान, आणि पोरीचं लग्न मोडू नकोस.

अजून म्हणू देशील तर तुझाच,
चिंधा