हवालदारांचं ‘होय म्हाराजा’

गुरुजी, पावसाने उघडीप दिली होती म्हणून त्या सकाळी मी दारापुढचं खळं सारवायला घेतलं होतं. आत चुलीवर पेज रटरटते आहे, दारात कोंबड्या सारवलेल्यावर पाय देऊ बघताहेत. ओल्या शेणावर पाय पडू नये म्हणून तुम्ही माडाच्या मुळाशी थांबता आणि कागद पुढे करता. “बाय, हेच्यार तुजी सही होयी.” मी मान वर करत नाही. “हात शेणाचे आसत, गुरुजी. मागसून बघूया.” तुम्ही कागदाची घडी करून खिशात ठेवलीत. रागावला नाहीत. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

कागद कसला ते मला ठाऊक होतं. पासष्टची पाकिस्तानशी लढाई चालू होती. आमच्या शेजारचे चाचा, सुक्या मासळीचे व्यापारी, चहाच्या दुकानात एवढंच बोलले होते, “लढाय थांबली तर बरा. थंयची पोरांय कोणाची तरी पोरांच मां?” कोणीतरी ते चौकीवर पोचवलं आणि चाचांना आत बसवलं. हेच मी माझ्या चुलीपुढे कितीदा बोलले होते, पण मला कोण विचारायला आलं? तुमच्या अर्जात मागणं साधंच होतं: चाचांना सोडा, आणि देवळात आपण दर रविवारी शांतीसभा भरवतो तिथे माणसांना बोलू द्या. पण माझा धाकटा भाऊ पलटणीत होता. आमचे हे होडीसकट गेले त्याला तीन वर्षं झाली होती, आणि माहेरचं म्हणायला तोच उरला होता. माझ्या सहीपायी त्याला तिकडे भोगावं लागलं तर, एवढंच डोक्यात. तुमच्या वाचनालयातली पुस्तकं अक्षराला अक्षर लावत वाचताना मला वाटायचं, वाचणारं माणूस घाबरत नसेल. घाबरतं, गुरुजी.

रविवारी देवळात हवालदार आधीच येऊन उभे होते. “सभा नाही. भाषण नाही. हुकूम आहे,” ते शुद्ध मराठीत म्हणाले. तुम्ही बोलायला उठलात तेवढ्यात, गावाचं मागणं देवापुढे मांडायचा मान ज्यांचा त्या म्हाताऱ्या गावकरांनी तुम्हाला हाताने खाली बसवलं, नारळ घेतला आणि देवापुढे उभे राहिले.

“भाषण खंय करतंय, हवालदारानू? देवाक गाऱ्हाणा घालतंय. तेका हुकूम लागता काय?”

हवालदारांनी टोपी काढली. दुसरं काय करणार?

“बा देवा म्हाराजा! आमची पोरां लढायेर गेली हत, ती सुखरूप घराक येवंदेत रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” सगळ्यांबरोबर मीही.

“आणि आमचो शेजारी मनातला बोल्लो म्हणान आत बसलो हा, तेका सोडव रे म्हाराजा! कोणाच्याय तोंडाक कुलूप पडा नये रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” त्यात एक आवाज सगळ्यांच्या वर चढला. तो हवालदारांचा होता. लहानपणापासूनची सवय, तोंडातून गेलं. मग ते इकडेतिकडे बघायला लागले. खांबाशी बसलेली मासळीवाली म्हणाली, “काय हो हवालदारानू, तुमची सही झाली तर!” सगळं देऊळ हसलं. तुम्हीसुद्धा उपरण्यात तोंड घालून हसलात. लढाई लागल्यापासून गाव असा हसलाच नव्हता.

त्या दुसऱ्या वेळी माझं तोंड मिटलेलं होतं. सरकारचा माणूस बोलला आणि मी गप्प बसले.

त्याच आठवड्यात चाचा सुटले. त्यांची बायको कुंपणाशी धावत आली, “गो, इले ते! इले!” आणि आम्ही दोघी कुंपणावरूनच एकमेकींना धरून रडलो. पुढे भाऊही धडधाकट आला. आज इतक्या वर्षांनीही ती हाक आठवली की छाती हलकी होते. आमचे हे गेले ते दुःख आहे तिथेच आहे, त्याच्या शेजारी ही हाकही आहे.

तुम्ही शेवटपर्यंत म्हणत राहिलात की देवाने ऐकलं. असेल. हे पत्र पेटीतच राहणार, तेव्हा सांगून टाकते. तुमच्या कागदावर मी सही केलीच नाही. ही भ्याली, असंच तुम्हाला वाटलं असणार, आणि मीही कधी काही बोलले नाही. गाऱ्हाण्याच्या दुसऱ्या दिवशी मी चौकीवर चालत गेले, चाचा बोलले तेच मीही बोलते, त्यांना आत ठेवायचं तर मलाही ठेवा, असं माझ्या हाताने लिहिलं, खाली माझं नाव आणि भावाची पलटण घातली, आणि तो कागद हवालदारांच्या हातात दिला.