टक्का दोन्ही बाजूंना

२ फेब्रुवारी
गुलाबराव टपरीवर सगळ्यांदेखत म्हणाला, "भाऊराव, सून वधूवर मंडळाचे फॉर्म कॉम्प्युटरात भरून राह्यली म्हणे. दुसऱ्यांचेच भरते न?" सगळे हसले. मीही हसलो. मंडळाचा अध्यक्ष मी, हसावं लागतं.

माझा मुलगा अश्वजित जाऊन चार वर्षं झाली. विधवा सुनांची लग्नं लावा, हे मीच जानेफळच्या मेळाव्यात बोललो होतो. टाळ्याही पडल्या. सून समता लग्न करून गेल्यावर माझं कसं, हे भाषणात नव्हतं.

३ फेब्रुवारी
समता मेहकरला गेली तसा कॉम्प्युटर उघडला. यादीत अकराशे नावं. शोधायला इंग्रजीत एक ओळ लिहावी लागते, ती तिच्या वहीत आहे. शेवटी 'लाइक' हा इंग्रजी शब्द, मग अवतरणचिन्हांत नाव, मग टक्क्याचं चिन्ह — म्हणजे नावानंतर काहीही असो, चालेल. बघून उतरवली. सिंटॅक्स एरर, म्हणजे ओळ चुकली. पाच वेळा लिहिली, पाचही वेळा तेच. यंत्र बिघडवलं की काय, ह्या धास्तीने बंद करून बसलो.

४ फेब्रुवारी
आडून विचारलं. म्हटलं, जानेफळची स्थळं काढायची होती; ओळ तशी लिहून दाखवली.

"बाबा, टक्का अवतरणचिन्हाच्या बाहेर काऊन ठेवला?"

"बाहेर असला तर काय होते?"

"चिठ्ठी पाकिटाबाहेर ठेवून पोस्टात टाकता का तुम्ही?"

६ फेब्रुवारी
टक्का आत घेतला, शेवटचं अवतरणचिन्ह विसरलो. एररही नाही, उत्तरही नाही. अर्धा तास मी यंत्राची वाट पाहिली. ते माझी पाहत होतं, हे समताने नंतर सांगितलं.

७ फेब्रुवारी
तिने मोबाइलवर नमुना पाठवला. तोच चिकटवला — पुन्हा एरर. मोबाइलने अवतरणचिन्हं वाकडी केली म्हणे, यंत्राला सरळ लागतात.

"किती दिवस जानेफळच काढता बाबा? गावातले पोरं संपले न आता."

मी चष्मा पुसत बसलो.

९ फेब्रुवारी
ती बाहेर गेल्यावर 'समता%' लिहिलं. एरर नाही. नावही नाही. एकसुद्धा नाही.

जेवताना भाकरी जास्त गेली. गुलाबरावला बोलावून चहा पाजला.

११ फेब्रुवारी
कागदी फॉर्म चाळायला घेतले. प्रत्येक नावाआधी 'आयु.' आहे — आयुष्मान, आयुष्मती. कॉम्प्युटर आला म्हणून मानाने लिहायचं सोडायचं नाही, हा हट्ट बैठकीत माझाच. म्हणजे अकराशेतलं एकही नाव नावाने सुरू होत नाही. यंत्राने खरं तेच सांगितलं होतं.

टक्का नावाच्या आधीही हवा.

१२ फेब्रुवारी
'%समता%'. तीन नावं. तिसरी आमची.

नोंद दोन वर्षांपूर्वीची. अटीच्या रकान्यात: सासरे सोबत राहतील. शेऱ्यात: पाच स्थळांचा नकार, अटीमुळे.

१३ फेब्रुवारी
अट पुसायची ओळ वेगळी असते. वहीत ती नाही. विचारायचं तर समतालाच.